चाळीस मिनिटांचं लॉगिन

तंत्रज्ञ : काका, पुन्हा सांगते. कॉम्प्युटर एकदा बंद करा आणि परत सुरू करा.

काका : ते सोडून काहीही सांगा, मॅडम. वायर हलवतो, पंखा बंद करतो, स्वतः बाहेर जाऊन उभा राहतो. पण हा बंद करायचं नाव काढू नका.

तंत्रज्ञ : लॉगिनला वेळ लागतो ही तक्रार तुमचीच ना? मग लॉगिन होताना मला इथून मुख्य कार्यालयातून बघायला नको?

काका : बघा की. पाच वाजल्यानंतर बघा. आत्ता बाहेर बाकावर सात माणसं बसलीत, मांडीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. आपल्या विहिरीचं पाणी प्यावं की नाही, एवढंच त्यांना विचारायचंय. हा बंद केला की चाळीस मिनिटं ती आमच्या तोंडाकडे बघणार आणि आम्ही त्यांच्या.

ताई : बेचाळीस. मागच्या वेळी मी घड्याळ लावलं होतं.

तंत्रज्ञ : फोनवर हे कोण बोललं?

काका : आमच्या ताई. पाणी तपासणीच्या या शाखेत आम्ही दोघंच. मी जुना कारकून, त्या तपासनीस. तपासायचं काम त्यांचं, आणि माझं... माझं बाकीचं सगळं.

तंत्रज्ञ : मागच्या वेळी म्हणजे कधी, ताई?

ताई : वीज गेली होती तेव्हा. तीन आठवडे झाले.

तंत्रज्ञ : म्हणजे तीन आठवडे हा चालूच आहे?

काका : चालू म्हणजे काय, डोळ्यांत तेल घालून जपतोय त्याला. बॅटरी बसवून घेतलीय. झाडणाऱ्या मावशींना या टेबलाखाली झाडू घालायला बंदी आहे. चुकून प्लग निघाला की सकाळ गेलीच म्हणून समजा.

तंत्रज्ञ : पण शाखेला कॉम्प्युटर दोन आहेत ना? माझ्याकडे तशी नोंद आहे.

काका : दुसऱ्याने वर्षापूर्वी मान टाकली. नवा मागितला तर तुमच्याकडून उत्तर आलं, शाखेत काम एकाच माणसाच्या नावावर दिसतं, दोन कॉम्प्युटर कशाला?

तंत्रज्ञ : एकाच?

काका : ते जाऊ द्या हो. तुम्ही लॉगिनचं बघा. काहीही करा, पण आज झालं पाहिजे.

तंत्रज्ञ : आत्ताच म्हणालात पाचनंतर बघा. आता आजच पाहिजे, तेही काहीही करून. घोडं नक्की कुठे अडलंय, काका?

काका : कुठे काय, कुठेच नाही.

तंत्रज्ञ : तुमची स्क्रीन मला इथून दिसतेय. तुमचं लॉगिन, सगळ्या नोंदी तुमच्या नावाने. सोमवारी एकेचाळीस नमुने तपासलेत.

काका : हो, हो. सोमवारी गर्दीच होती तेवढी.

तंत्रज्ञ : सोमवारी तुम्ही रजेवर होता.

काका : हॅलो? आवाज तुटतोय, मॅडम.

ताई : आवाज काही तुटत नाहीये. सोमवारी मी होते. ते एकेचाळीस नमुने मी तपासले.

काका : ताई, जरा गप्प बस ना.

ताई : किती दिवस बसू? गप्प बसले म्हणूनच कालचं पत्र हातात पडलं.

तंत्रज्ञ : थांबा. ताई, तुम्ही काकांच्या लॉगिनवर काम करता?

ताई : अकरा महिने. पहिल्या दिवशी लॉगिन केलं होतं मी माझ्या नावाने. बेचाळीस मिनिटं गेली. मग काकांना तपासणीचे दाखले काढायचे होते. मी लॉगआउट केलं, काकांचं लॉगिन सुरू केलं, पुन्हा चाळीस. दुपारपर्यंत एका बाटलीचा निकाल हातात नव्हता. लोक ओरडायला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, माझंच चालू राहू दे, तू त्यावरच नोंदी टाक.

काका : सोय बघायला गेलो हो. पोरीच्या पायावर धोंडा पडेल असं स्वप्नातसुद्धा आलं नाही.

तंत्रज्ञ : आणि पत्र कसलं?

ताई : "अकरा महिन्यांत आपल्या नावे कोणतेही काम आढळून येत नाही, सबब करार पुढे वाढवता येणार नाही." या महिनाअखेरीस मी घरी.

तंत्रज्ञ : अकरा महिने... म्हणजे तो...

काका : आता तुमचा आवाज तुटला का?

तंत्रज्ञ : नाही. त्या पत्राला एक तक्ता जोडलाय ना? कोणी किती वेळा लॉगिन केलं, कोणाच्या किती नोंदी?

ताई : जोडलाय. माझ्यापुढे दोन लॉगिन आणि शून्य.

तंत्रज्ञ : तो मी काढलाय. साहेबांनी मागितला, मी पाच मिनिटांत काढून दिला. तो शून्य बघून मला वाटलं होतं... असो.

ताई : सांगा की. आता काय राहिलंय लपवायचं.

तंत्रज्ञ : वाटलं, असेल कोणाची तरी भाची. घरी बसून पगार घेत असेल.

ताई : भाची तर आहेच मी. पण मामा बेकरीत आहे. त्याचं इथे कोण ऐकतंय!

काका : हसता काय दोघी! ऐका, मॅडम, माझा विचार असा आहे. आज हिचं लॉगिन झटपट व्हायला लागलं, की आजपासून ही आपल्या नावाने काम करेल. महिना संपायला बारा दिवस आहेत. तीन-चारशे नोंदी सहज होतील. मग त्या दाखवून अर्ज टाकू. मागचं उकरून काढायची गरजच नाही.

तंत्रज्ञ : काका, ज्यांचे करार संपवायचे त्यांची यादी आज पाच वाजता वर जाते. एकदा गेली की त्यातून नाव निघत नाही.

काका : आज?

तंत्रज्ञ : आज. आता तरी लॉगआउट करा.

काका : बाहेरच्या सात जणांचं काय?

ताई : मी बघते. बाटल्या आत घेते, नंबर कागदावर लिहिते. करा तुम्ही, काका.

(काका लॉगआउट करून पुन्हा पासवर्ड टाकतात. पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरू लागतं.)

काका : बसलं फिरत. आता यात चहा करून पिऊन होतो, कप धुऊन होतात.

तंत्रज्ञ : फिरू द्या. कॉम्प्युटर कोणाला काय विचारतोय ते मी इथून बघतेय. काका, हे काय? हा तर जुन्या सर्व्हरला विचारतोय.

काका : म्हणजे?

तंत्रज्ञ : लॉगिन करताना तुमचा कॉम्प्युटर इथल्या मोठ्या मशीनला विचारतो, हा माणूस आपला आहे का, याला आत घेऊ का. ते मशीन दोन वर्षांपूर्वी काढलं आम्ही. गोदामात पडलंय. तुमचा अजून त्यालाच विचारतोय.

काका : आणि उत्तर?

तंत्रज्ञ : कोण देणार? हा वाट बघतो, परत विचारतो, परत वाट बघतो. शेवटी थकून नव्या सर्व्हरकडे येतो आणि तिथे दोन सेकंदांत आत जातो. तुमची चाळीस मिनिटं वाट बघण्यात जातात.

काका : अहो, मग ते लाईन बारीक आहे, मध्ये डोंगर आडवा येतो, सहन करा, हे कोण म्हणालं होतं मला?

तंत्रज्ञ : कोण?

काका : आवाज तर हाच होता. तीनदा.

तंत्रज्ञ : ...हो. तीन तक्रारी आहेत तुमच्या. तिन्ही मीच बंद केल्यात. मी इथे माझ्या टेबलावर लॉगिन करून बघितलं, वीस सेकंदांत झालं. लिहून टाकलं, दोष आढळला नाही.

काका : म्हणजे तुम्ही जेवलात आणि आमचं पोट भरलं असं लिहिलंत.

तंत्रज्ञ : तसंच झालं. चुकलं माझं. पण एक कळत नाही. सर्व्हर बदलला तेव्हा आमचा माणूस तुमच्याकडे येऊन नवा पत्ता टाकून गेला होता. तशी त्याची सहीसुद्धा आहे. मग जुना परत आला कुठून?

काका : कोणता पत्ता? ते ठिपक्याठिपक्यांचे आकडे?

तंत्रज्ञ : तेच.

काका : ते... मी टाकले परत.

तंत्रज्ञ : काय?

काका : आठ वर्षांपूर्वी तुमच्या तेव्हाच्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं, हे आकडे प्राण गेला तरी बदलू द्यायचे नाहीत. मी कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवले. तो पोरगेलासा इंजिनियर आला, काहीतरी खुडबुड करून गेला. मी बघतो तर आकडे वेगळे! म्हटलं, चुकला बिचारा, उगाच नोकरीवर येईल त्याच्या. म्हणून गुपचूप जुने टाकून ठेवले.

ताई : काका!

काका : मला काय ठाऊक! हुकूम तो हुकूम. मागे घेतलाय हे मला कोणी सांगितलंच नाही.

तंत्रज्ञ : तो कागद काढा, काका.

काका : काढला. टेप जुनी आहे, रंग उडाला थोडा.

तंत्रज्ञ : उडू दे. मी इथून नवा पत्ता टाकलाय. याला हात लावू नका. आणि मी लावू नका म्हटलं म्हणून कागद चिकटवू नका. आता यादीचं. साहेबांना मला काहीतरी लिहून द्यावं लागेल, आणि खरं तेच लिहावं लागेल. एका लॉगिनवर दोघांनी काम करणं नियमात बसत नाही. त्यात तुमचं नाव येणार.

ताई : मग नका लिहू.

काका : ताई...

ताई : नाही, ऐका तुम्ही. मॅडम, काकांना निवृत्त व्हायला पाच महिने राहिलेत. एकतीस वर्षांत एक ठपका नाही त्यांच्यावर. जाता जाता माझ्यापायी कशाला? मी बघेन दुसरीकडे कुठेतरी.

काका : कुठे बघणार? सांग ना, कुठे? या एका नोकरीसाठी लेकाला घेऊन गाव सोडून आलीस. भीती मलाही वाटते, नाही असं नाही. काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि त्यात अर्धी काळजी माझी स्वतःची होती. लाज वाटते, पण होती. लिहा, मॅडम. मी सांगतो तसं लिहा.

तंत्रज्ञ : सांगा.

काका : "या शाखेत गेले अकरा महिने पाण्याचा प्रत्येक नमुना ताईंनी तपासला. त्यांनी माझ्या नावाने नोंदी केल्या, कारण मी तसं सांगितलं. माझ्या नावे जे काम दिसतं, त्यातलं माझं फक्त दाखल्यावरच्या सहीपुरतं." लिहिलं?

तंत्रज्ञ : लिहिलं.

काका : बोलताना बरं वाटलं, बघा. इतके दिवस घशात अडकलं होतं.

तंत्रज्ञ : पुरावा काय जोडू?

ताई : प्रत्येक नमुन्याचा हाताने लिहिलेला कागद आहे. खाली माझी सही. कपाटात सगळे गठ्ठे आहेत.

तंत्रज्ञ : आत्ताच्या आत्ता दहा-वीस कागदांचे फोटो पाठवा. आणि काकांच्या रजेचे तेवीस दिवस मी इकडून काढते. घरी झोपून कोणी पाणी तपासत नाही, एवढं साहेबांनाही पटेल. खाली आणखी एक ओळ टाकतेय, तीन तक्रारी मी न तपासता बंद केल्या.

ताई : ती कशाला? तुम्हाला बोलणी बसतील.

तंत्रज्ञ : बसू देत. मी पडताळून बघितलं असतं तर तो शून्य आलाच नसता. आता मी हे लिहिलेलं घेऊन वर साहेबांकडे जाते. फोन चालू ठेवा. ताई, तोवर तुमच्या नावाने लॉगिन करून बघा. पासवर्ड नवा मागेल.

ताई : टाकला. फिरायला लागलं.

काका : बस मग. वेळ आहे. ताई, एक सांगू? तू आलीस त्या दिवशी मी बायकोला म्हणालो होतो, ही काही पंधरा दिवसांच्या वर टिकायची नाही. एवढ्या लांब, दोन खोल्यांचं ऑफिस, दिवसभर दुसऱ्यांच्या विहिरी. आणि तू तर त्या वरच्या वस्तीची विहीर बंद करायला लावलीस, लोक अंगावर धावून आले तरी हटली नाहीस. तो दाखलासुद्धा माझ्याच नावाने गेला. वरून मला शाबासकीचं पत्र आलं, आणि मी ते घरी नेऊन कपाटात ठेवलं, तुला...

ताई : काका.

काका : थांब, बोलू दे मला. तुला दाखवलंसुद्धा नाही, कारण...

ताई : काका, उघडलं.

काका : काय उघडलं?

ताई : हे. झालं लॉगिन.

काका : हॅट! किती वेळ झाला?

ताई : तुमचं वाक्यही संपलं नव्हतं.

काका : अगं, खरंच की. हे बघ, वर तुझं नाव! अख्खं नाव, आडनावासकट. दोन वर्षं, ताई. दोन वर्षं मी रोज त्या चक्राकडे बघत बसलो, आणि एवढंसंच काम होतं हे?

(ताई कागदांचे फोटो पाठवतात. काही वेळाने फोनवर पुन्हा आवाज येतो.)

तंत्रज्ञ : हॅलो, आहात का?

काका : आहोत, आहोत! मॅडम, उघडलं! डोळ्याची पापणी लवते न लवते तोच!

तंत्रज्ञ : कळलं मला. मघाशी वर जाताना जिन्यापर्यंत ऐकू आलं. आता इकडचं ऐका. साहेबांनी दोनदा वाचलं. काकांना लेखी ताकीद आहे, आणि मला तोंडी. माझी जरा लांबली.

काका : आणि ताईचं?

तंत्रज्ञ : आजच्या यादीतून नाव काढलं. करार सहा महिने वाढवलाय. ते सगळे गठ्ठे इथे मागवलेत, तपासून मागच्या नोंदी ताईंच्या नावावर करायच्या की नाही ते ठरवतील. कायमचं काही झालं नाही, ताई. पण सहा महिने आहेत.

काका : सहा महिने! ऐकलंस? अगं, बोल की काहीतरी. रडतेस काय?

ताई : रडत नाहीये. नाक पुसतेय.

काका : बरं बरं. मीही जरा पुसतो. मॅडम, ताकीद किती पानांची आहे हो?

तंत्रज्ञ : अर्ध्या पानाची.

काका : एवढीच? त्या शाबासकीपेक्षा हिच्याखाली माझं नाव जास्त शोभेल. ताई, ते पत्र उद्या घेऊन येतो. तुझं आहे ते.

ताई : आणा. आता खुर्ची द्या मला.

काका : घे. आणि मी?

ताई : पहिला नंबर बाहेर बाकावर बसलेल्या आजींचा आहे. त्यांना आत घेऊन या, काका. आज त्यांचं पाणी मी तपासणार आहे.