झोप झाली नव्हती

(मेहकरजवळचं शेत. विहिरीपाशी लिंबाच्या सावलीत निवृत्ती बसला आहे. बायको कोकिळा भाकर घेऊन आली आहे. ऊन चांगलं चढलेलं.)

कोकिळा : भाकर राहू द्या. पयले सांगा, गळ्यातली माळ कुठं हाये?

निवृत्ती : भाकरीसंगं काय आनलं?

कोकिळा : मी माळ इचारली.

निवृत्ती : मोटरच्या पेटीपाशी खिळा हाये. त्याले अडकवली.

कोकिळा : काऊन काढली?

निवृत्ती : पेनाऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ बरी नाही दिसत.

कोकिळा : तुमी कवा पेले हो?

निवृत्ती : परवा. भर बैठकीत, पोरीले पाहाले आलेल्या पाव्हण्यायसमोर. मले तं मालूम नव्हतं, तूच सांगतलं.

कोकिळा : मंग काय करू मी? शेषराव पाव्हण्यानं इचारलं, मुलीचं नाव काय, आन तुमी म्हनले, मोटर बंद कर.

निवृत्ती : झापड आली होती.

कोकिळा : झापड? पोह्याची बशी मांडीवर सांडली तुमच्या. मी दारातून पाहून राह्यली. त्यायनं पुन्हा इचारलं, भाऊ, मुलीचं नाव. आन तुमी माह्याकडं पाह्यलं. कसं पाह्यलं सांगू? सासूबाई पाहत होत्या ना आखरीले, तसं.

निवृत्ती : मायचं नको काढू.

कोकिळा : काढते. मीच न्हाऊ घातलं त्याईले, मीच खाऊ घातलं, आन त्या मलेच इचारत, बाई, तू कोनाच्या घरची? मले तेच दिसलं हो. म्हनलं, आता पाव्हण्यायच्या ध्यानात आलं का या घरात भुलायची बिमारी हाये, तं पोरीची सोयरीक कोन करन? पेनारा मानूस कोनाच्या घरात नाही? ते लोक सोडून देतात. म्हनून निघून गेलं तोंडातून, थोडी घेतली असन म्हनून.

निवृत्ती : थोडी.

कोकिळा : आता तेवढाच शबद धरून बसा.

निवृत्ती : धरत नाही. पटकन सुचलं तुले, एवढंच म्हनतो. मले माह्या पोरीचं नाव नाही सुचलं.

कोकिळा : घरात तुमी तिले छकुलीच म्हनता. वंदना कोन म्हनते? कोनीबी अडखळलं असतं.

निवृत्ती : छकुलीबी नाही आलं, कोकिळे. मी धुंडलं. पोरीले पाहाले आलेलं पोरगं राजकुमार समोर बसलं होतं, त्याचं नाव आलं. बैलायची नावं आली. पोरगी चहाचा ट्रे घेऊन उभी, आन माह्या डोक्यात तिच्या नावाच्या जागी काहीच नाही. पेला म्हनल्याची लाज वाटतेच, पन ते धकवता येते. याची लाज कुठं नेऊन ठेवू?

कोकिळा : डाक्टरनं काल सांगतलं ना, बिमारी नाही म्हनून.

निवृत्ती : डाक्टर म्हननारच.

कोकिळा : काऊन म्हनन? ढीगभर सवाल इचारले त्यानं. महिना कोनता, वार कोनता, शंभरातून सात काढा, त्यातून अजून सात काढा. मले आले नसते ते तुमी सांगतले. मंग काय म्हनला तो? तुमीच सांगा. मी तं अर्ध्यात घाबरून गेली होती.

निवृत्ती : म्हनला, मानूस दिवसभर जे पाह्यते, आयकते, ते मेंदू अंगनात टाकल्यासारखं टाकून ठेवते. राती झोप लागली का एकएक उचलून ज्याच्या त्याच्या जागी लावते. आपन राती जागलो तं सारं अंगनातच पडून राह्यते, आन ऐन वक्ताले हातात येत नाही.

कोकिळा : अजून?

निवृत्ती : अंगातलं घड्याळ उजेडावर चालते म्हने. म्हनून दिवसा पडलं तरी पक्की झोप लागत नाही. आन आपली इजेची लाईन हप्त्याहप्त्याले पलटते, या हप्त्यात दिवसाची, पुढच्या हप्त्यात रातीची. अंग एक शिकत नाही तं दुसरं सुरू. त्याले समजतच नाही का रात कवा धराची. त्यात दिवसा घरात तुमची रंगरंगोटी, भांड्यायचा आवाज.

कोकिळा : पाव्हणे येनार होते मंग.

निवृत्ती : तुले नाही म्हनत. मीच म्हनलं नाही का बाई, मले आज रात झोपू दे. गहू ओंबीवर हाये, लाईन आली का पानी धराच लागते.

कोकिळा : पाहा. डाक्टर बोलला ते अक्षर न अक्षर सांगतलं तुमी. भुलनारा मानूस असं सांगन का?

निवृत्ती : मायबी जुनं सारं सांगे.

कोकिळा : हे कालचं हाये. जुनं नाही.

निवृत्ती : फोन वाजून राह्यला तुहा.

कोकिळा : धामनगावचा हाये. शेषराव पाव्हणे. तुमीच बोला. आवाज मोठा करते.

शेषराव : राम राम निवृत्तीभाऊ! शेतात हाये वाटते?

निवृत्ती : राम राम. हो, शेतातच.

शेषराव : आमच्याकडून पक्कं समजा. पोरगी साऱ्यायले पसंत हाये. आता साखरपुड्याची तारीख काढू.

निवृत्ती : बरं होईन.

शेषराव : आन एक बोलतो, मनावर नका घेऊ. आता आपन इवाई झालो. त्या दिवशी जे झालं त्याचं काही वाटून घेऊ नका. आमचा धाकटा भाऊबी घेते. साखरपुड्याले तुमची दोघायची मांगच्या खोलीत सोय लावतो. बायायले पत्ता नाही लागनार.

निवृत्ती : शेषरावभाऊ, मी पेत नाही.

शेषराव : हाव, हाव.

निवृत्ती : खरं सांगून राह्यलो. उभ्या जन्मात थेंब नाही घेतला. पोरीचं नाव नाही आलं मले त्या वक्ती. साऱ्या हप्त्याच्या राती पान्यावर गेल्या होत्या. झोप झाली नव्हती.

शेषराव : झोप झाली नव्हती.

निवृत्ती : हो.

शेषराव : भाऊ, आमचा धाकटाबी हेच म्हनते. सकाळी डोळे लाल दिसले का, झोप झाली नाही. अहो, आता घरच्या मानसापासून काय लपवता? बरं, ठेवतो. उन्हात जास्त नका फिरू.

कोकिळा : कटला?

निवृत्ती : ठेवला त्यायनं.

कोकिळा : मी लावते. मी सांगते, मीच खोटं बोलली म्हनून.

निवृत्ती : पेनाऱ्याच्या बायकोनं सांगतलं तं कोन आयकन? साऱ्याच सांगतात तसं.

कोकिळा : थोबाड फोडून घ्यावं वाटते मले.

निवृत्ती : नको. तुनं पोरीचं घर वाचवलं. मले जरासं बुडवलं, पन तिचं वाचलं.

कोकिळा : असं चांगलं नका बोलू हो. शिव्या द्या. ते बरं पडन.

निवृत्ती : छकुली काय म्हनते?

कोकिळा : पोटभर जेवली नाही त्या दिवसापासून. भाकर घेऊन तूच जाय म्हनलं, तं म्हने, बाबाले तोंड कसं दाखवू.

निवृत्ती : तिनं काऊन?

कोकिळा : तिले मालूम ना, तुमी घेत नाही. साऱ्यायसमोर सांगाले पाह्यजे होतं म्हनते, माहे बाबा पेत नाहीत म्हनून. पन स्थळ जाईन, या भेवानं गप राह्यली. कालपासून रडून राह्यली त्यासाठी.

निवृत्ती : तिले सांग, तिचं काही चुकलं नाही.

कोकिळा : तुमीच सांगा, घरी येऊन. काल डाक्टरकडून आल्यापासून इथंच बसून हाये. आज राती पानी शेजारच्या शेतातला राम धरते. बोलली मी त्याच्यासंगं.

निवृत्ती : त्याले बांध समजत नाही. गहू लोळवन सारा.

कोकिळा : लोळवू द्या. भाकर खा आन इथंच पडा घडीभर, मंग घरी जाऊ. राती चांगलं झोपजा.

निवृत्ती : झोपाले भेव लागते.

कोकिळा : कायचं?

निवृत्ती : त्या दिवशी झापडीतूनच उठलो ना मी. उठलो, आन नव्हतं ते. कालपासून पुटपुटून राह्यलो, मोटरपाशी, बांधावर. डोळे मिटले आन पुन्हा गेलं तं?

कोकिळा : आता येते?

निवृत्ती : वंदना.

कोकिळा : झालं तं मंग. थांबा, माळ आनते. घाला गळ्यात आन पडा.

निवृत्ती : आता नको. मले उठवशीन, तवा पयले पोरीचं नाव इचारजो. सांगतलं, तं दे.