खजुराखालचा राब

भिवा : पण माती काळी हाय ना बाय! हातात घेऊन तर बघ.

समिधा : वरची चार बोटं काळी आहे, भिवाकाका. खाली राखाडी. लॅबमध्ये मी दोनदा टेस्ट केली. शेजारच्या बागेत जेवढा कस आहे, त्याचा तिसरा हिस्साही इथे उरलेला नाही.

भिवा : आणि तेच रिपोर्टात लिवणार?

समिधा : दुसरं काय लिहू?

भिवा : आपला मालक, अरबाब नोमान काय बोललाय ठाव हाय ना? माती जिती असंल तर बाग ठेवू, नायतर खलास. झाडं काडून गाड्या लावायला सपाट करणार. दोनशे खजूर हायत हितं!

समिधा : म्हणूनच विचारते. दोन्ही बागा एकाच पाटावर, पाणी एक, झाडं एक. ही माती काही आपोआप झालेली नाही. शेकडो वर्षं लोकांनी वाळूत शेण, पाला, गाळ घातला, तेव्हा झाली. कमरेएवढा थर आहे. मग इथेच काय झालं?

भिवा : आमी पण घालायचो की! खैरुद्दीनचाचा, गणू नि मी. थंडीत एकेक आळं खणायचं, शेण, पाला, सुकी मासळी पुरायची. दोन महिने पाठ सरळ व्हायची न्हाय.

समिधा : आणि आता?

भिवा : चाचा वारला. गणूचा व्हिसा संपला, गावाला गेला. दुसरा माणूस अरबाब देईना. मी एकटा किती खणू?

समिधा : मग पाला टाकून देता?

भिवा : छ्या! राब भाजतो.

समिधा : म्हणजे?

भिवा : तू अबुधाबीत वाढलेली, तुला कसं म्हाईत असणार! आमच्या मंडणगडात भाताचं रोप टाकायच्या आदी शेण, पाला, गवात जमिनीवर पसरून भाजतात. रोप कसं तरारून येतं! पाच वर्सं सगळी आळी भाजली. एक सोडलं न्हाय.

समिधा : ओ माय गॉड, काका...

भिवा : काय झालं गो?

समिधा : तिकडची माती आंबट, तिला राख मानवते. वर धो धो पाऊस. इथली आधीच खारट, त्यात राख साचत गेली. आणि जे आत कुजायला हवं होतं त्याचा धूर झाला. पाच वर्षं जमिनीच्या पोटात काहीच गेलं नाही. हा काळा रंग कोळशाचा आहे.

(भिवा हातातल्या मातीकडे बघत राहतो. ती खाली टाकायचीही त्याला आता भीती वाटते.)

भिवा : पयल्या वर्सी चाचा खाटेवरनं वरडलेला, आग मत लगा. मला वाटलं, म्हाताऱ्याला धूर सोसत न्हाय.

समिधा : तुम्ही जाणूनबुजून नाही केलंत.

भिवा : बाय, शेजारच्या बागेतली माती भर ना तपासायच्या पिशवीत. कोण बघतंय?

समिधा : नाही काका. मला नाही जमणार ते.

भिवा : परत व्हईल का ही? पयल्यासारकी?

समिधा : तीन माणसांनी दरवर्षी पुरलं, तर दहा-पंधरा वर्षांत. तसं लिहीन मी.

भिवा : अरबाब पंदरा दिवस थांबायचा न्हाय.

समिधा : ...तुमचं नाव मी कुठेच घालणार नाही.

भिवा : नाव घाल नायतर नको घालू. रिपोर्ट कधी देणार?

समिधा : सोमवारी.

भिवा : म्हंजे चार दिवस. ती कुदळ दे हिकडं. पयली रांग तरी व्हईल.

समिधा : आता खणून काय उपयोग, काका?

भिवा : उपयोग न्हाय गो. पाच वर्सं उपाशी ठेवली तिला. जायच्या आदी एकदा जेवू घालतो.