थेंबाची अट

देवदत्त : आता बसच्या या सांध्यावरून बोट फिरव. काही लागतंय हाताला?

रेवती : लागतंय ना. तुझ्या वर्षभराच्या सगळ्या रजा.

देवदत्त : अगं, गुळगुळीत आहे की नाही तेवढं सांग.

रेवती : आहे. मागच्या वेळीही होतं. बाथरूमचं सिलिकॉन फासलं होतंस, आणि वरचा रंग गणपतीच्या आधीच पापडासारखा सुटून आला.

देवदत्त : म्हणून तर सगळं खरवडून काढलं. हे खास गाडीच्या बॉडीचं सीलंट आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप, मधे सीलंट, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकच हात, आणि ओलं असतानाच टेप ओढायची. वर प्रायमर, वर रंग. पत्रा कुठे जोडलाय ते शोधून दाखव!

रेवती : आपल्या बिल्डिंगच्या गच्चीबद्दलही हेच म्हणाले होते. वॉटरप्रूफिंग झालं, कमिटीने नारळ फोडला, आणि पाणी थेट आपल्या बेडरूममध्ये, पाळण्याच्या बरोब्बर वर. फट कोणालाच सापडत नव्हती. पाण्याला सापडली.

कुंदा : अगो, मी पाइप धरून उभी आसंय. तुमचा भांडण झाला काय सांगा, मगे पाणी सोडतंय.

देवदत्त : आई, जरा थांब. आधी हिची अट तुझ्यासमोर होऊ दे. नंतर शब्द फिरवायला नको.

रेवती : अट सोपी आहे, आई. मी श्रुतिकाला घेऊन आत बसते, दार-खिडक्या लावून. तुम्ही छतावर आणि चारी बाजूंनी पाणी मारा. आत एक थेंब जरी पडला, तर तुमच्या चिरंजीवांनी ही शाळेची बस जिथून आणली त्या भंगारवाल्याकडे परत. हिच्यात झोपत गुहागरला जायचं रद्द. ओल आली की पोरीची छाती वाजायला लागते. घरी नेब्युलायझर लावते तेवढं पुरे आहे, हायवेवर नको.

देवदत्त : आणि नाही पडला तर?

रेवती : तर शनिवारी निघू. हसतमुखाने.

देवदत्त : हसतमुखाने? नक्की?

रेवती : उरलेलं सीलंट ठेवलंयस ना? तेच लावून हसू चिकटवते.

कुंदा : आता सोडू मा?

(रेवती लेकीला घेऊन आत जाते. दार बंद होतं. छतावर पाण्याचा मारा सुरू.)

देवदत्त : ऐकू येतंय का? आई मागच्या कोपऱ्यावर मारतेय.

रेवती : येतंय. श्रुतिका टाळ्या वाजवतेय. तिला वाटतंय, हा सगळा तमाशा तिच्याचसाठी आहे.

देवदत्त : थेंब?

रेवती : नाही.

देवदत्त : खिडकीच्या वर बघ. तिथे दोन पत्रे भेटतात.

रेवती : नाही रे.

देवदत्त : आवाजावरून जरा निराश वाटतेयस.

रेवती : मन लावून शोधतेय. तुझ्या मेहनतीचा मान ठेवायला नको?

कुंदा : देवा, सेक्रेटरी खिडकीतसून बघतत. पाणी फुकट घालवतंव म्हणान आता बोंबलतले.

देवदत्त : त्यांना सांग, एकदा तुमच्या गच्चीवर असाच पाइप मारून बघा म्हणावं.

रेवती : काही सांगू नका, आई. उगाच मेंटेनन्स वाढायचा.

देवदत्त : पुढचं टोक राहिलंय फक्त. मग तू बॅगा भरायला मोकळी.

रेवती : थांब! थांब रे, पाणी आलं!

देवदत्त : काय? कुठून?

रेवती : काचेवरून ओघळतंय. आतून!

देवदत्त : शक्यच नाही. आई, पाइप बंद कर. रेवती, दार उघड.

रेवती : ये. भंगारवाल्याचा नंबर काढतच ये.

देवदत्त : सरक जरा. वरचा सांधा कोरडा. कोपरा कोरडा. खिडकीचं रबरसुद्धा कोरडं. आणि काचा बघ, पलीकडच्या, मागच्या... सगळ्याच ओल्या.

रेवती : म्हणजे सगळीकडून गळतंय. वा!

देवदत्त : अगं वेडे, वाफ आहे ही! तुमच्या दोघींच्या श्वासाची. बाहेरचा एक थेंब आत आलेला नाही. आई, पास झालो!

कुंदा : जिंकलंस रे झिला!

रेवती : ओरडू नकोस. श्वास काचेवर बसतोय म्हणजे त्याला बाहेर जायला जागा नाही. वर जाळीचा झरोका होता ना, हवा खेळायला? तो कुठे गेला?

देवदत्त : तो... बंद केला.

रेवती : बंद म्हणजे झाकण लावलंस?

देवदत्त : पत्रा बसवला. चारी बाजूंनी सीलंट, वर रंग.

रेवती : वा. सांधा सापडणार नाही असा.

देवदत्त : तिरका पाऊस आला की तिथूनच यायचा एखादा थेंब. अगदी एखादाच. पण तू म्हणाली होतीस, एकही नको.

रेवती : आपण खिडक्या लावून रात्रभर झोपणार होतो, देवदत्त. या डब्यात. हिला घेऊन.

देवदत्त : मला अट दिसत होती गं. बाकी काही सुचलंच नाही.

कुंदा : आधी त्या पोरीक भायर घेवा. चेडू घामान भिजला ता दिसना नाय तुमका?

रेवती : हो, आई. घ्या हिला. जा गं आजीकडे.

देवदत्त : टोमणा तरी मार.

रेवती : तो पत्रा कापायला काय लागतं?

देवदत्त : ग्राइंडर. पण कापला तर मी शब्द देणार नाही. थेंब येईल.

रेवती : काप. आणि फार सुबक कापू नकोस, नाहीतर परत बुजवावंसं वाटेल तुला.

देवदत्त : आणि शनिवार?

रेवती : झरोक्याखालचा बिछाना कोणाचा ठरला होता?

देवदत्त : श्रुतिकाचा. सगळ्यात कोरडी जागा म्हणून.

रेवती : तिला तुझ्या बाजूला घे. तिथे मी झोपते.