मधले दोन दिवस

बायकोच्या नावावरचा फोन माझ्या नावावर करून घ्यायला टेलिफोन कचेरीत गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. खिडकीतला कारकून त्यांना समजावत होता.

“आजी, तुमची लाइन जुन्या केबलवरून नव्या केबलवर घेतली. आतल्या खात्यानं ती मंगळवारीच बदलली आणि बाहेरच्यांनी तार जोडली गुरुवारी.”

“आणि मधले दोन दिवस?”

“फोन बंद. यादीत तारीख चुकली.”

“फोन कंपनीवाले ना तुम्ही? मग दोन खात्यांना एकमेकांना एक फोन करता येत नाही?”

“चुकलंच आमचं.”

“बरं, त्या दिवसांत कुणी फोन केला असेल, तर बंद आहे हे त्याला कळतं ना?”

“नाही आजी. त्याला घंटी वाजत असलेली ऐकू येते.”

“इकडे वाजत नसली तरी?”

“हो.”

“आमचे हे दवाखान्यात होते. जाताना भांडले माझ्याशी. ‘येऊ नकोस, वाटलं तर फोन करीन’ म्हणाले. बुधवारी वारले.”

“आजी, त्यांनी किती वेळा केला त्याची नोंद असते. काढून देऊ?”

“राहू दे रे. रागात होते. केलाच नसेल.”