मठाच्या ओट्याला गोदाक्काची टाकी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. निमूट सोसणं म्हणजे भक्ती का? बोला! — तिकडे कुणीतरी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळेना! आमचे मृदंगवाले तर दोन्हीकडे हलवतायत. असू द्या. ऐका.

कासारखेड नावाचं गाव. गावाबाहेर मठ. मठात रोज दुपारी पंगत, दोनशे पान! आमटीला असा वास, की देव न मानणारासुद्धा पहिल्या पंगतीत येऊन बसायचा! आता दोनशे माणसं जेवली, म्हणजे दोनशे ताटं खरकटी झाली. ती घासतं कोण? जेवताना पडतो हा प्रश्न कुणाला? मला नव्हता पडला कधी. खोटं कशाला बोलू!

घासायला तीन बाया होत्या. त्यातली एक गोदाक्का धोत्रे. पंचावन्न वर्षांची, अंगानं काटक. बाप पाथरवट. लग्नाआधी ही बापाबरोबर गल्लोगल्ली ओरडत फिरायची, "टाकी लावायची का, टाकीऽऽ!" टाकी म्हणजे पाण्याची नव्हे हो! दगड कोरायची छिन्नी. झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्याला ठोके मारून पुन्हा खरबरीत करायचं, हे तिचं काम. म्हणजे दगड कसा वागतो, हे त्या बाईच्या हाताला ठाऊक!

मठाच्या स्वयंपाकघरात पाणी नव्हतं. अंगणात हौद. तिथून बादल्या भरून आणायच्या. तीस पावलं आणि दोन पायऱ्या. रोज साठ-सत्तर बादल्या! एक दिवस काय झालं, गोदाक्काची सोबतीण भागीरथी भरल्या बादलीसकट पायरीवरून घसरली. मनगट मोडलं.

गोदाक्का तडक मठाच्या व्यवस्थापकांपुढं उभी. त्र्यंबकराव त्यांचं नाव. कपाळाला गंध, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"ओट्यावर नळ बसवा," गोदाक्का म्हणाली.

"गोदाक्का, ही सेवा आहे. सेवेत कष्ट व्हायचेच. कष्टानं पुण्य वाढतं."

"मग उद्यापास्नं बादल्या तुम्ही वाहा. तुमचंबी वाढू द्या की पुण्य!"

हसताय? तिथंही हसले लोक! सगळा गाव हसला. आणि मंडळी, हसं झालं की भलेभले हलतात. आठ दिवसांत हौद भरणाऱ्या नळावरून पाइप आला, स्टीलचं सिंक आलं. उंच मानेचा, चकचकीत नळ आला. हनीफ मिस्त्री आला.

ओटा काळ्या दगडाचा. सबंध एकच शिळा, चार बोटं जाड! हनीफनं मशीननं दगड कापून सिंक बसवलं. सिंकच्या मागच्या काठातून आणि खालच्या दगडातून आरपार भोक पाडलं. वरून नळ घातला, ओट्याखाली वाकला — आणि तसाच राहिला. का? नळाच्या बुडाला आटे असतात ना, ते दगडाच्या आतच संपले! खाली टोकच दिसेना. मग नट फिरवायचा कशावर? आणि नट नाही, तर नळ उभा राहणार कसा? हात लावला की डुलतोय, जेवून पेंगलेल्या पाहुण्यासारखा!

हनीफ म्हणाला, "खालून दगड कोरून पातळ केला तर बसंल. पण ओट्याखाली मशीन धरायला जागा न्हाई. हिसका बसला तर शिळा तडकंल."

त्र्यंबकरावांचा चेहरा उजळला! "बघ गोदाक्का. देवाचीच इच्छा नाही."

"देवाची इच्छा दगडाच्या जाडीवर मोजता व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती बापाची हातोडी आणि टाकी घेऊनच. पदर खोचला, डोळ्यांवर ओढणीचा पातळ फडका बांधला आणि ओट्याखाली उताणी झोपली. ठक्. ठक्. ठक्.

त्र्यंबकराव धावत आले. "बाहेर ये! शिळा फुटली तर उद्या चूल कुठं मांडू? दोनशे माणसं उपाशी राहतील!"

आतून आवाज आला, "गाभाऱ्यातली मूर्ती कशानं घडली, मालक?"

"कशानं?"

"टाकीनं. फुटली का?"

आता माणूस हरला की काय करतो? अधिकार काढतो. त्र्यंबकराव पंगत वाढायच्या वेळेला सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "आजपासून तू मठाच्या सेवेत नाहीस!"

लोकांचे हात ताटातच थांबले. ठोका क्षणभर थांबला. मग ओट्याखालून उत्तर आलं, "बरं. भोक पुरं करून जाते."

ठक्. ठक्.

मंडळी, सोपं नव्हतं हो! दगडाचा कीस तोंडावर पडतोय. दंड भरून आलेत. भोकाभोवती वाटीएवढा खळगा कोरायचा, दोन बोटं खोल, आणि वरचा दगड शाबूत ठेवायचा. मध्येच एकदा आवाज बदलला. खणखणीत ठोका बद्द वाजला! भागीरथी दाराशी उभी होती, हात गळ्यात अडकवलेला. ती घाबरून ओरडली, "अक्का, पुरं कर!" गोदाक्कानं टाकी बाजूला ठेवली. तळहात दगडाला लावला. पुढं तिनंच सांगितलं, शिळा गेली असती तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. पण ती उठली नाही. तिनं बोटानं चाचपलं, आत बारीक शीर, दगडातली कच्ची रेघ, लागली होती. ती शीर सोडून तिनं टाकी दुसऱ्या अंगानं तिरपी धरली. हलके हलके ठोके. अर्ध्या तासानं आवाज पुन्हा खणखणीत झाला!

तिसऱ्या प्रहरी ती बाहेर आली. भुवयासुद्धा पांढऱ्या! हनीफनं नळ खाली सोडला. खळग्यात आट्यांचं टोक दिसलं! रबर चढवलं, नट लावला. साधा पाना आत जाईना, म्हणून त्यानं नळीसारखा लांब पाना आणला. आवळलं. नळ ताठ! चावी फिरवली — पाणी!

गोदाक्कानं त्या पाण्यानं एक ताट घासलं. पालथं घातलं. आणि घरी निघून गेली. काढून टाकलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी उरलेली तिसरी बाईही आली नाही. पंगत उठली. ताटांचा डोंगर. शेवटी त्र्यंबकरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. नळ सोडला. दहा ताटं झाली, वीस झाली, चाळिसाव्याला कंबर धरून उभे राहिले. आणि त्यांच्या डोक्यात आलं — हे तर नळ हाताशी असताना! बादल्या वाहून काय होत असेल?

संध्याकाळी ते गोदाक्काच्या दारात गेले. "चल बाई. झालं गेलं विसर."

"काढलं पंगतीत. मग बोलवायचं दारामागं व्हय?"

दुसऱ्या दिवशी भर पंगतीत त्र्यंबकराव हात जोडून उभे राहिले. "चुकलं माझं. गोदाक्का, ये." जीभ अडखळली, पण बोलले! पंगतीच्या टोकाला बसलेली गोदाक्का उठली, पदर खोचला, "ताटं आणा" एवढंच म्हणाली.

आता सांगा, देवाचं काम कुणी केलं? सोस म्हणणाऱ्यानं, की सोसणार नाही म्हणून दगडाखाली झोपलेल्या बाईनं?

थांबा, टाळ्या नकोत! आज इथंही प्रसाद आहे. मंडपामागं भांडी घासायला बाया बसल्यात. मी येताना पाहिलं. पाणी शाळेच्या मैदानापलीकडून आणतायत. समितीची मंडळी पुढच्या रांगेत बसलीत, माना खाली घालू नका! ज्या घरात, ज्या मठात, ज्या मंडपात "होत नाही" म्हणून कुणाच्या तरी मनगटावर आपण पोट भरतो, तिथं नाम घेऊन काय उपयोग?

मी आज प्रसादाला बसणार नाही. टाळ खाली ठेवतोय. मागं दोन बादल्या रिकाम्या आहेत — एक मी उचलतो. दुसरी कोण उचलतंय?