भर दुपारची घंटा

बसा, सगळे बसा. मागच्यांना ऐकू येतंय ना? नवऱ्याच्या शोकसभेत बायकोनं बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. मधेच रडले तर सांभाळून घ्या, आणि रागावले तरी सांभाळून घ्या.

आमचे हे गेल्या आठवड्यात गेले. भर दुपारी, आपल्याच जिन्यात, हातात देवघरातली घंटा घेऊन. तेव्हापासून कानावर एकच येतंय. "पाटीलकाका चिकट. घरात एसी लावला असता तर वाचले असते."

मंडळी, एसी आहे आमच्याकडे. लेकीनं घेऊन दिलाय. पण दुपारी हे तो लावायचे नाहीत. खिडकीला ओली चादर बांधून पंख्याखाली बसायचे. का, ते इथं कुणाला ठाऊक नाही?

करंजाड्यातली ही आपली इमारत. दुपारी सगळ्यांचे एसी एकदम सुरू झाले, त्यात कुणी इस्त्री लावली, की खालचा फ्यूज उडतो. नवी केबल येणार, येणार, असं नुसतं ऐकतोय. लाईट गेली की तुम्हाला घाम येतो. आमच्या शेजारच्या फातिमाचाचींचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडतं.

एकदा असंच झालं, तेव्हा हेच धावले. सिलिंडर लावेपर्यंत चाचींचे ओठ निळे पडले होते. त्या काही बोलायला गेल्या, तर हे म्हणाले, "चाची, बोलू नका. तुमी फक्त श्वास घ्या."

दुसऱ्या दिवसापासून घंटा सुरू झाली. जेवण झालं की मजल्यामजल्यावर वाजवत जायचे. "एक एसी ठेवा, बाकीचे बंद करा. इस्त्री सकाळी करा. गीझर चालू राहिलाय काय, बघा जरा." मी म्हणायचे, अहो, दुपारी देवसुद्धा झोपतो. तर म्हणायचे, "देवाला झोपू दे. मी यांना उठवतो."

तुम्ही हसायचात. काही जण घंटा ऐकून दार लावून घ्यायचात. पण बरेच जण बटण बंदही करायचात, हे मी नाकारणार नाही. म्हणून लाईट टिकायची.

लिफ्टनं जा म्हटलं तर ऐकलं नाही. "लिफ्टला काय लाईट लागत नाय?" छातीला हात लावून पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. चिकटपणानं गेला म्हणता माझा माणूस?

आणि काल काय झालं? घंटा नव्हती. लाईट गेली. चाचींची सून घरात एकटी, सिलिंडरची चावी तिच्यानं फिरेना. मी धावले, आम्ही दोघींनी कशीबशी फिरवली. ते सिलिंडर संपलंय, भरून यायचंय अजून. चाची वर मशीनवर आहेत. आत्ता लाईट गेली तर हाताशी काही नाही. ऐकताय ना?

आपण सगळे इथं खाली बसलोय. वेळ तीच आहे. खरं सांगा, वर किती घरांत रिकाम्या खोल्यांतून एसी चालू आहेत? परत गेल्यावर गार वाटावं म्हणून चालू ठेवलेत ना?

मला फुलं नकोत. "माणूस चांगला होता" हे तर नकोच नको. दोन मिनिटं उभं राहायचंय, राहू. पण आधी वर जा. बंद करून या.

जा. मी इथंच थांबते.