सत्तर पावलांचं पातं

माजं गाव सांगोल्याच्या पल्ल्याड, माळावरचं. गाव म्हंजे काय, पंधरा-वीस घरं, येक बिरोबाचं देऊळ आन् बाकी समदं कुसळ. आमी धनगर. बा मेंढरं राखायचा, त्याचा बा बी मेंढरंच राखायचा, आन् माज्या हातात बी काटी दिली ती नीट चालाय लागलो तवाच. नाव बी देवावरनंच ठिवलं, बिरू. पर काय सांगू तुमाला, माजं ध्यान मेंढरात कदी नव्हतंच. टेकाडावनं लांब हायवे दिसायचा, आवाज बी येनार न्हाय इतका लांब, नुसत्या गाड्या सरकताना दिसायच्या. उनात रस्ता पान्यावानी हालायचा आन् त्या पान्यावनं ट्रका तरंगत चालल्यात आसं वाटायचं. मी बगत बसायचो. तवर मेंढरं दुसऱ्याच्या मटकीत. बा म्हनायचा, आरं तुजं ध्यान हाय कुटं? हितंच हाय म्हनायचो आन् मार खायचो.

पुढं ट्रॅक्टर शिकलो, ऊस वाह्यला कारखान्याला, मंग इटांची गाडी मारली, मंग दुसऱ्याचा दहा चाकी ट्रक. मधी लगीन झालं. सुमन मंगळवेढ्याकडची, काळ्या रानातली, तिला आमचा माळ बगून रडूच आलं म्हनं, मला तिनं लई वरसांनी सांगितलं ह्ये. तिला मी पैल्या आटवड्यातच सांगून टाकलं की आपली येक सोताची गाडी व्हनार. तिनं म्हनलं, कदी? म्हनलं, व्हनार. आन् ह्या कदी-व्हनारमधी बारा वरसं गेली की.

माजी गाडी म्हंजे ट्रेलर. आता ट्रेलर म्हंजे काय त्ये सांगतो. ट्रकाला कडंनं फळ्या आसत्यात, ट्रेलरला काय नस्तंय, नुसता उगडा लोखंडी पाटा. ज्ये कशात मावत न्हाय त्ये त्याच्यावर घालायचं. बॉयलर, पोकलेन, पुलाचं गर्डर. आन् पवनचक्कीचं पातं. तुमी डोंगरावर पवनचक्की बगितली आसंल, ती लांबनं कशी पोराच्या हातातल्या भिरभिऱ्यावानी दिसती. पर त्यातलं येक पातं भुईवर आडवं बगा कदी. म्या सोता मोजलंय, ह्या टोकापासनं त्या टोकापतुर सत्तर पावलं. पांढरं शुभ्र, कुटं सांदा न्हाय, हात फिरीवला तर दुदाच्या सायीवानी गुळगुळीत. त्ये पाट्यावर घ्यायचं, पाटा लांबवायचा, पुढं पायलटची जीप तांबडा झेंडा लावून, आन् निगायचं. गती किती, तर मानूस चालतोय तेवडी, लईत लई सायकलीची. गुजरातकडनं पातं घ्यून आमच्या इकडच्या डोंगरावर यायला दोन-दोन, तीन-तीन आटवडं लागायचं. गाव आलं की वायरी वर उचलायच्या बांबूनं, हळूहळू खालनं सरकायचं. बाया दारात येनार, म्हातारी मानसं हात जोडनार, न्हाय खरंच, पाया पडत्यात की, त्यास्नी वाटतं देवाचंच कायतरी चाललंय. वाऱ्यावर त्ये पातं निसतं गुनगुनतं, आत केबिनीत बसून ऐकू येतं. आन् तितं बसलं की मानसाला वाटतं आपन काय चालवतच न्हाय, रस्ताच खालनं निगून चाललाय, शेतं चालल्यात, गावं चालल्यात, आपन हाय तितंच हाय.

तर ही गाडी तवा खाजाभाईंची. खाजाभाई सोलापूरचे, वय साठीला टेकल्यालं, दाडी मेंदीनं लाल, आन् आख्ख्या हायवेला त्यांचं नाव, कारन पातं वळवावं तर त्यांनीच. पातं वळवायचं म्हंजे पुढची चाकं तुमी वळीवता, पर मागचं टोक येका बाजूला पार शेतातनं फिरून येतं. मधी घर आलं, झाड आलं, मानूस आलं, तर गेलं. म्या त्यांच्याकडं काम मागाय गेलतो तवा त्यांनी लायसन बगितलंच न्हाय. म्हनले, पैले क्या करता था? म्हनलं मेंढरं राखत हुतो. म्हनले, मेंडे घुमातेसो टैम पे किधर देकता? म्हनलं मागं. सगळ्यात मागच्या मेंढराकडं. पुढचं जातंच, मागचं चुकतं. तवा लई हसले आन् म्हनले, बैठ जा.

च्यार वरसं त्यांच्या शेजारी बसलो. मोकळी गाडी मला द्यायचे, पातं चडलं की सोता बसायचे. कुनाला हात लावू द्यायचे न्हाईत. आन् मी, खोटं कशाला बोलू, मी त्या गाडीच्या परेमात पडल्यालो. कुटं दुसरी गाडी घ्यावी आसं मनात येतच नव्हतं. माजी गाडी म्हनलं की हीच दिसायची, ह्योच पाटा, हीच केबिन, ह्योच हार्न. पर गाडी त्यांची, आन् त्यांच्या जिवात जीव आस्तोवर ती दुसऱ्याला मिळनार न्हाय ह्ये बी ठावं.

मंग ती दुपार. करमाळ्याच्या अलीकडं येक गाव, नाव न्हाय सांगत. नगरकडनं पातं घ्यून आलतो, परांड्याच्या अंगाला डोंगरावर जायाचं हुतं. जीप पुढं, गावातली वाहतूक थांबिवल्याली, उजवीकडं मोठं वळन. आन् रस्त्याच्या उजव्या कडंला येका बाईनं डांबरावर जोंधळा वाळत घातल्याला. वाकून हातानं पसरीत हुती, पाट आमच्याकडं. वाऱ्याचा आवाज, तिला काय ऐकू येईना. मला वाटलं खाजाभाई आता थांबतील. थांबले न्हाईत. मी म्हनलं, खाजाभाई, बाई. त्ये म्हनले, किधर?

 बाई धा हातावर, आन् ह्यो मानूस इचारतोय किधर. मी वाकून ब्रेकचा खटका वडला. हवा सुटली फुस्सकन, आख्खी गाडी हादरली, पातं मागं थरथरत ऱ्हायलं. चाक जोंधळ्यात शिरल्यालं. बाई उटली आन् शिव्या द्याया लागली, आरं मुडद्यांनो, डोळं फुटलं का तुमचं. मंग तिनं वर बगितलं, केबिनीमागं त्ये पांढरं पातं लांबच लांब गेल्यालं, आन् पदर डोक्यावर घेतला तिनं. आन् खाजाभाई अजून उजवीकडं तोंड करून मला हळूच इचारत हुते, किधर है रे वो? बची ना?

खाली उतरले. बाईला म्हनले, माफ कर मां. मंग चाकापाशी बसले आन् टायरच्या खाचंत अडकल्यालं जोंधळ्याचं दानं बोटानं काडून तिच्या ढिगात टाकाय लागले. येक येक. बाई म्हनली, ऱ्हाऊ द्या वो बाबा, त्येवड्यानं काय व्हतंय. तरी काडत ऱ्हायले. उटले त्ये डाव्या बाजूनं केबिनीत चडले, माज्या जागंवर बसले, आन् मला म्हनले, गाडी तू चला.

पातं घ्यून गाडी चालवायचा त्यो माजा पैला दिवस. आन् तुमी लिवून घ्या ह्ये, झाकायचं न्हाय मला, स्टेरिंगला हात लागला तवा माज्या मनात पैला इचार ह्योच आला की आता ही गाडी माजी व्हनार. शेजारी मानूस बसलाय, त्याचं समदं गेलंय, आन् माजं मन नाचतंय. मला माजीच लाज वाटली.  मंग त्येच म्हनले, सामने क्या है बोल. म्हनलं, रस्ता हाय. म्हनले, रस्ता दिखताय रे मेरे कू, नळी में से देखे सरका दिखताय, बाजू का बोल. मंग मी सांगाय लागलो. उजवीकडं तूर हाय, पिवळी पडलीय. डावीकडं तळं हाय, आटलंय, मधी बगळं हुबं हायत. येक मानूस सायकलीवर खत घ्यून चाललाय. पवनचक्क्या दिसाय लागल्या का? व्हय, बारीक बारीक, सात हायत, दोन फिरना झाल्यात. म्हनले, वो दोनों मैंच लाके दिया था. दोन दिवस डोंगर चडस्तोवर मी निसता बोलत हुतो, आन् त्ये डोळं मिटून हूं हूं करत हुते. तसं सुख मला परत कदी घावलं न्हाय, आन् तसा जीव बी कदी तुटला न्हाय.

येताना त्यांनी शब्द घेतला, घरी बोलनेका नक्को. म्हनलं बरं.

त्यांची लेक नसीम, सोलापुरात शाळंत शिकीवती. मराटी आपल्यापरीस चांगलं बोलती. मी गाडी लावून निगालो तर ती फाटकापतुर मागं आली, म्हनली, बिरूभाऊ, अब्बा ताटातलं वांगं चाचपडून घेतात. पायरीवर ठेचकाळतात. विचारलं की ओरडतात. तुम्ही सोबत असता, खरं सांगा.  सांगावं तर शब्द मोडतो, आन् लोक म्हननार ह्यानं गाडीसाटी म्हाताऱ्याला खाली उतरिवला. न सांगावं तर आटवड्यानं त्ये परत स्टेरिंगवर. माज्या डोळ्यापुढं ती बाई, वाकल्याली. म्हनलं, ताई, त्यास्नी कडंचं काय दिसत न्हाय. दवाखान्यात न्या, गाडीवर बसू द्यू नगा.

डाक्टरनी काचबिंदू सांगितला. म्हनले, गेली ती नजर काय परत येत न्हाय, हाय ती संबाळा. खाजाभाईंनी मला निरोप धाडला, मेरे घर को आना नक्को. गेलतो तरी. तोंड फिरवून बसले. नसीम रडवेली झाली. मी परतलो, दुसऱ्याच्या गाडीवर रोजानं जायाला लागलो, पोकलेन वाहायचो. गाडी त्यांच्या दारातल्या लिंबाखाली हुबी. त्या रस्त्यानं गेलो की मी मान वळवायचो न्हाय. पाला पडून पडून पाटा पिवळा झाल्याला आसायचा, ह्ये न बगता बी दिसायचं. सुमन म्हनायची, तुमी जेवताना कुटं आसता वो?

पावसाळा गेला. बगाय लोक यायचे, दलाल यायचे, इंजिन सुरू करून बगायचे, खाजाभाई समद्यास्नी न्हाय म्हनायचे. मंग येका सकाळी त्यांचाच फोन. आ. निस्ता आ. गेलो तर लिंबाखाली खुरची टाकून बसल्याले, आंगावर इस्त्रीचा झब्बा, मांडीवर किल्ली. मी पाया पडाय वाकलो तर पाय मागं घेतले. म्हनले, बिरू, तेरे पे गुस्सा हूँ मैं. अब्बी बी हूँ. तू बोल्या सो सच्ची बोल्या, फिर बी गुस्सा हूँ. म्हनलं, ऱ्हावा की, माजी काय ना न्हाय. म्हनले, गाडी ले जा. मला वाटलं कुटं सोडायची हाय. म्हनलं, कुटं न्यायची? तर हसलेच, दाडीतल्या दाडीत, म्हनले, तेरे घर को, और किधर.

व्यवहार काय ठरला त्यो न्हाय सांगत, त्यो आमच्या दोगांत ऱ्हाऊ द्या. आरटीओत सही करताना नसीमनं त्यांचं बोट कागदावर नीट ठिवलं. केबिनीवर ७८६ लिवल्यालं हाय, त्ये तसंच हाय. पेंटर म्हनला, पुसू का? म्हनलं, पुसायचं न्हाय, खाली जागा हाय तितं बिरोबा प्रसन्न लिव. बानं गाडीवर भंडारा उदळला, काचा, टायर समदं पिवळं केलं, आन् पाट्याच्या कडंनं चालत चालत ह्या टोकापासनं त्या टोकापतुर गेला, परत आला. म्हनला, ह्याच्यावर दोनशे मेंढरं बसत्याल की रं.

तर आशी माजी गाडी. तीन वरसं झाली. आता गंमत आयका, पाती दरसाली लांब व्हत चालली. नव्या पात्याला माजा पाटा पुरत न्हाय, लांबवला तरी पुरत न्हाय. त्याला आता लई मोट्या गाड्या येत्यात, मागच्या चाकाला येगळा मानूस आसतो. माज्या गाडीला बॉयलर हाय, पाईप हायत, पोकलेन हाय. सुरवातीला वाईट वाटायचं, आता न्हाय वाटत. हायवेला कुटं पातं चालल्यालं दिसलं की मी गाडी कडंला घेतो आन् त्ये आख्खं जाईस्तोवर हुबा ऱ्हातो. खाजाभाई बरे हायत, निमाज पडत्यात, दुपारला दारात बसत्यात. रागावल्यालेच हायत अजून. ईदला डबा मातर पैल्यांदा माज्याच घरी येतो.

आन् सुमन. ती मागच्या म्हैन्यात पैल्यांदा गाडीत बसली. येळापूरच्या अंगाला मोकळा जात हुतो, म्हनलं चल. पदर कंबरंला खवून चडली, इतक्या वरनं तिनं कदी काय बगितल्यालंच न्हाय. सकाळची येळ, धुकं, ऊस वल्ला, रस्ता मोकळा. दांडी घट्ट धरून बगत बसली. म्हनलं, भ्या वाटतंय का? मानंनंच न्हाय म्हनली. मंग म्हनली, ह्ये समदं तुमी रोज बगता व्हय? म्हनलं, व्हय. तशी माज्याकडं वळली आन् म्हनली, मंग घरी कशाला येता वो?

मी हसलो निस्ता. ती बी हसली, मंग खिडकीला डोकं टेकून झोपली, आन् मी गाडी इतकी हळू घेतली, इतकी हळू, की मागनं हार्नवर हार्न वाजवीत गाड्या फुडं गेल्या. जाऊ द्या म्हनलं. समदी सुकानं जावा, बाबांनो.